माझं एकभुक्त आणि मोतीची भूक

मंडळी, लाज वाटतेय, तरी लिहिते.

हे गेल्यापासून मी दिवसातून एकदाच जेवते. सोबतीला म्हणून तुकईथडच्या भावाने दोन महिन्यांचं पिल्लू दिलं, मोती. त्यालाही मी माझ्याबरोबर दुपारीच दूध-पोळी द्यायची.

आज तो उठेचना. जनावरांच्या डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या. "काकू, दिवसातून किती वेळा खायला देता?"

"एकदा. माझं एकभुक्त असतं, माझ्याबरोबरच."

"अहो, व्रत तुमचं आहे, त्याचं नाही! वाढतं पिल्लू आहे. चार वेळा थोडं थोडं द्या. उकडलेलं अंडंही द्या."

रोज बारीक अक्षरांची पुस्तकं वाचते, पण त्याच्या बरगड्या मला दिसल्या नाहीत.

आमच्या स्वयंपाकघरात आज पहिल्यांदा अंडं उकडलं. ते खाऊन मोतीने माझीच बोटं चाटली.

तुमच्या दुःखात घरातलं कुणी उपाशी राहत नाही ना?