वाढत्या मापाचे हातमोजे

सायकलच्या त्या दुकानात पुढे सायकली टांगलेल्या असत आणि मागे, नव्या टायरचा वास जिथे जरा कमी यायचा, तिथे कपड्यांचा काउंटर होता. त्या काउंटरवर मापबाई बसायची. खरं नाव दुकानात कोणाच्या लक्षात नव्हतं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिने नजरेनंच त्याचं माप घेतलेलं असे, म्हणून कोणीतरी तिला मापबाई म्हणालं आणि तेच चिकटलं. तिलाही ते आवडायचं. गळ्यात टेप असायची, पण ती बहुतेक वेळा शोभेलाच.

मोठ्या माणसांचं माप ती चोख घ्यायची. पोट सुटलेल्या गृहस्थाला पोट सुटलंय हे न सांगता त्याच्या मापाची जर्सी गळ्यात मारणं सोपं नसतं, आणि ते तिला साधलं होतं. लहान पोरांची गोष्ट मात्र निराळी. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी सायकलचे कपडे शिवायची कंपन्यांना हौसच नसते. सगळ्यांत लहान म्हणून जे येतं, ते आठ वर्षांच्या मुलाला कसंबसं बसावं असं. आईबाप दुकानामागून दुकानं पालथी घालून, घामाघूम होऊन तिच्यापुढे येत. मापबाई खालच्या खणातून ते 'सगळ्यांत लहान' काढायची आणि आपलं ठेवणीतलं वाक्य टाकायची, "वाढत्या मापाचं घ्या. पोरं काय, आज आहेत तेवढीच उद्या राहतात का?"

ह्याला कोण नाही म्हणणार? चड्डीच्या नाडीला गाठ मारा, जॅकेटच्या बाह्या दुमडा, हातमोज्याची मनगटावरची पट्टी आवळा, झालं. आसपासच्या गल्ल्यांतून बाह्या दुमडून सायकली हाणणारी अर्धीअधिक पोरं तिच्याच कृपेने तशी हिंडत होती, आणि मालक तिच्यावर खूश होता.

मग तिच्या नातीला सायकल आली. नात सहा वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. सुनेने भिंगरीसाठी हातमोजे शोधायचा सपाटा लावला. पाच-सहा दुकानं झाली, फोनवर तासन्‌तास बघणं झालं, भिंगरीचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवणंही झालं. एवढ्याशा पंजाचे मिळाले कुठेच नाहीत. एका ठिकाणी मागवून मिळतील म्हणाले, पण वेळ लागेल. सून म्हणत होती, थांबू या. तोवर नुसत्या हातांनी चालवू दे.

मापबाईला ते झोंबलं. घरात एवढी जाणती बाई बसलेली असताना सुनेने परक्या दुकानांच्या पायऱ्या झिजवायच्या, म्हणजे दिव्याखाली अंधारच म्हणायचा. तिने सुनेला विचारलंच नाही. शनिवारी भिंगरीला दुकानात नेलं आणि निळे, तळव्याला गादी असलेले, पूर्ण बोटांचे हातमोजे तिच्या हातांत चढवले. ती पट्ट्या आवळत असताना भिंगरी काहीतरी बोलत होती. मिस्त्री हवा भरत होता, पंपाचा आवाज होता. मापबाईने आपलं नेहमीचंच काहीतरी म्हणत नातीच्या डोक्यावर टपली मारली आणि तिला घरी आणलं. सुनेने मोजे पाहिले, टोकं चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "आई, हे मोठे आहेत हो." मापबाई म्हणाली, "अगं, तीन वर्षं बघायला नको." सुनेने टोकं सोडून दिली. सासूच्या धंद्यातलं सासूला काय सांगणार?

दुसऱ्या आठवड्यात भिंगरी पडली. इमारतीच्या फाटकाशी छोटा उतार आहे, त्याच्या तळाशी एक स्कूटर उभी होती, तिच्यावर ती जाऊन आदळली. हनुवटीला टाके पडले, डावं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. मापबाई तेव्हा फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली होती. सगळ्यांच्या आधी तीच धावली. पोरीला उचलायच्या आधी तिला दिसलं ते हे: उजव्या हातमोज्याच्या बोटांची रिकामी टोकं ब्रेकचा दांडा आणि हँडलची मूठ ह्यांच्यामध्ये दुमडून गच्च अडकली होती, आणि भिंगरीचा हात मोज्यातून अर्धा बाहेर आला होता. सायकलला ब्रेक तेवढा एकच होता आणि पोरगी तो दाबत होती. दाबला जात होता तो नुसता कापडाचा बोळा.

तिने मोजा ओढून सोडवला, दुसराही काढला आणि दोन्ही आपल्या पर्समध्ये कोंबले. हे तिने का केलं, ते तिला तेव्हा कळलं नाही. नंतर मात्र पुरतं कळलं. त्या गडबडीत मोज्यांची आठवण दुसऱ्या कोणालाच झाली नाही.

भिंगरी दवाखान्यात रडत रडत एकच सांगत होती, मी ब्रेक दाबला होता. तिचा बाप, म्हणजे मापबाईचा मुलगा, तसा न्यायी माणूस. तो सायकल घेऊन थेट दुकानात आला. मिस्त्रीने चाक फिरवलं, दांडा दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. ब्रेक ठणठणीत आहे, पोरीने दाबलाच नसणार, असा त्याने निकाल दिला. मापबाई तिथेच जर्सीच्या घड्या घालत होती. तिने तीच घडी मोडून पुन्हा घातली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

मुलाने घरी फर्मान सोडलं. पडल्याबद्दल कोणी रागावणार नाही, पण खोटं चालणार नाही. भिंगरीने कबूल करावं की आपण जोरात चालवत होतो आणि ब्रेक दाबला नव्हता. नाहीतर सायकल वरच्या मजल्यावरच्या मुलाला देऊन टाकायची. भिंगरी ऐकेना. दाबला होता म्हणजे दाबला होता. हनुवटीच्या टाक्यांमुळे तिला नीट बोलताही येत नव्हतं, तरी ती तेवढं बोलायची. सून तिला जवळ घेऊन समजवायची, की खरं बोललं की बरं वाटतं. मापबाई ते ऐकत भाजी निवडायची, आणि निवडलेलं कुठलं नि टाकायचं कुठलं ह्याचा घोळ करायची.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, हे तिला समजत होतं. रोज ठरवायची, आज सांगते. मग वाटायचं, मुलगा काय म्हणेल. त्याहीपेक्षा सून. सून काही म्हणणारच नाही, नुसतं बघेल, आणि ते बघणं तिला सोसणार नव्हतं. शिवाय सांगून पोरीचा हात थोडाच जोडला जाणार होता? मन अशी कारणं हवी तेवढी पुरवतं. पर्स मात्र ती आता कोणाला हातात घेऊ देत नव्हती, सुनेने सुट्ट्या पैशांसाठी मागितली तरी.

दुकानात एक बाई आपल्या धाकट्याला घेऊन आली. थोरल्याच्या वेळी तुम्हीच सुचवलं होतं, म्हणाली, ह्यालाही वाढत्या मापाचेच हातमोजे द्या. मापबाईने गळ्यातली टेप काढली, बऱ्याच दिवसांनी खरोखर वापरली, पोराच्या पंजाभोवती फिरवली आणि म्हणाली, ह्याच्या मापाचे आमच्याकडे नाहीत, मोठे मी देणार नाही. बाई चकित झाली. मालकाने पुढून मान वळवून पाहिलं. मापबाई बोलतच सुटली, की ब्रेकवर बोट नीट बसलं पाहिजे, पॅन्टची मोहोरी साखळीत जाते, पोराने कपड्याच्या मापाचं व्हायचं नसतं, कपड्याने पोराच्या मापाचं असावं. बाई आभार मानून गेली. मापबाईला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली. परक्या पोराला वाचवायला तिची जीभ सैल सुटली होती.

त्या संध्याकाळी जेवताना भिंगरीने ताटात बघत सांगून टाकलं, "बाबा, मी ब्रेक दाबलाच नव्हता."

मुलाचा चेहरा उजळला. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला, शाब्बास म्हणाला, सायकल आता कुठे जात नाही म्हणाला. सुनेने डोळे पुसले. भिंगरी मात्र हसली नाही. सायकल मिळवायला काय बोलावं लागतं ते तिला उमगलं होतं आणि ते ती बोलली होती. मापबाईचा घास तोंडातच फिरत राहिला. पोरगी इतके दिवस खरं बोलत होती तर खोटारडी ठरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली तर शाब्बासकी. आणि हे शिकवलं कोणी?

ती उठली. पर्स आणून तिने निळे हातमोजे ताटांच्या मध्ये ठेवले. "ती खोटं बोलतेय," ती म्हणाली. "आत्ता. आधी नव्हती बोलत."

कोणाला काही कळेना. तिने व्हरांड्यातली सायकल आत आणली, भिंगरीच्या धड हातात मोजा चढवला, पट्टी आवळली आणि म्हणाली, दाब. भिंगरीने बोटं दांड्यावर टाकली आणि दाबलं. रिकामी टोकं आत दुमडली. दांडा अर्ध्यात अडला. मुलाने स्वतः वाकून पाहिलं, चाक हाताने फिरवलं. ते फिरतच राहिलं.

"तुला कधी कळलं हे?" त्याने विचारलं.

"ती पडली तेव्हाच. मीच काढून लपवले."

मुलगा खाली बसला आणि भिंगरीला म्हणाला, बाबाचं चुकलं. सून बघत होती, अगदी मापबाईला भीती होती तशीच. मापबाईने ते सोसलं. पण इतकं होऊनही माणूस कुठेतरी आडोसा शोधतोच. ती नातीजवळ टेकली आणि लाडात म्हणाली, "अगं, बोटं पुरत नाहीत म्हणून मला एकदा सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं होतं," भिंगरी म्हणाली. "दुकानात. तू म्हणालीस, हात वाढेल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिने सांगितलं. दुसरा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिने मोज्याची पट्टी दातांनी सोडवली, मोजा दातांनीच ओढून काढला आणि आजीच्या हातात परत दिला.