बेटावरचं भंगार

ओमानमधल्या इब्रीत मला सगळे जैनुद्दीन भंगारवाला म्हणतात. खरं आडनाव आता फक्त पासपोर्टात उरलंय. दाभोळहून आलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, यार्डात मोडक्या मशिनी फोडायच्या आणि लोखंड एकीकडे, तांबं-पितळ दुसरीकडे करायचं, एवढीच माझी विद्या. खिशात कायम लोहचुंबक. लग्नानंतर सासुरवाडीच्या पहिल्याच दावतीत मी पितळेच्या पातेल्याला चुंबक लावून पाहिलं होतं. बिलकीसचे भाऊ त्यावरून अजून हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

अशा माणसाची मुलगी कलाकार निघाली. उमामा शिष्यवृत्तीवर जपानला शिकायला गेली, आणि गेल्या वर्षी तिने मला तिकीट पाठवलं. तिथल्या एका चिमुकल्या बेटावर तांबं गाळायचा जुना कारखाना बंद पडलाय. त्याच्या पडक्या भिंतींत आता कलाकार आपापली कामं मांडतात. त्यात तिचं पहिलं काम लागणार होतं.

फोनवर म्हणाली, "अब्बा, तुम्ही माझं काम कधी प्रॉपर बघितलंच नाही. ह्या वेळी फक्त बघा. दुसरं काही नको मला."

"इन्शाल्ला," मी म्हटलं. बिलकीसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून एकटाच निघालो.

बोटीतून उतरलो आणि जीव हळहळला. विटांच्या उंच चिमण्या, काळ्याठिक्कर भट्ट्या, सगळं जागच्या जागी. आमच्या अर्बाबने पंधरा दिवसांत खलास केलं असतं. मी मनातल्या मनात किती ट्रक लागतील ते मोजायला लागलो. विमानातून एवढ्या लांब येऊनही मी यार्डातच उभा होतो.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. उमामाला मीटिंग होती, म्हणून म्हणाली, तासाभरात येते, तोवर तुम्ही फिरा. फिरता फिरता छप्पर नसलेल्या एका खोलीत शिरलो. ना पाटी, ना दोरी. जमीनभर व्हॉल्व्ह, बोल्ट, गंजके पत्रे, तांब्याच्या नळ्या विखुरलेल्या. उद्या पाहुणे यायचे आणि मजुरांनी पसारा तसाच टाकलाय, पोरीची शोभा होईल, असं मला वाटलं. बाह्या सरसावल्या, स्वतःलाच "यल्ला" म्हटलं आणि चुंबक काढलं. तासाभरात तीन ढीग तयार: लोखंड, तांबं, पितळ. इतकी चोख वर्गवारी मी अर्बाबसाठीही कधी केली नव्हती. कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात दारात उमामा दिसली.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, "ते माझं काम होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती खाली बसली आणि तिचे डोळे भरून आले. तीन महिने ती तो एकेक तुकडा मांडत होती.

"फोटो आहे ना?" मी विचारलं. "तू सांग, मी देतो."

मग ती फोनमधला फोटो बघून सांगायची आणि मी ढिगातून तुकडा शोधून द्यायचो. "ती वाकडी नळी." दिली. "तो फुटका नट." दिला. मी एकदाही तोंड उघडलं नाही, आणि हे ऐकून बिलकीसचा विश्वास बसणार नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या हातात एकच तुकडा उरला, तांब्याची एक चेपलेली चकती.

"ही कुठे?"

"मला आठवत नाही," उमामा म्हणाली. "फोटोत कट झालीय. तुम्हीच ठेवा."

आता आली पंचाईत. दारापर्यंत मागे गेलो, भिंतीकडून बघितलं, उकिडवा बसून बघितलं. खूप वेळ बघितलं. त्यातलं काही कळलं असं खोटं सांगत नाही. पण दाराजवळ एका जागी काहीतरी कमी आहे, असं वाटायला लागलं. तिथे चकती ठेवली.

"इथेच का?" तिने विचारलं.

"इथे रिकामं वाटत होतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं, लोक आले, वाकून वाकून बघून गेले. दुपारी मी परतीच्या बोटीत चढत असताना उमामाने फोन माझ्यापुढे धरला. फोटो अख्खा होता. चकती त्यात पार पलीकडे, खिडकीखाली होती.

"मग हलवली का नाहीस?"

"तुम्ही बघून ठेवली ना," ती म्हणाली.

बोट सुटली आणि मी पोरासारखा रडलो. शेजारच्या जपानी आजीबाईंनी घाईघाईने माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. त्यांना वाटलं, मला बोट लागली.