दारातला कांचन आणि कॉलनीचा आपटा

आमच्या दारात कांचन आहे, आपटा नव्हे. हे वाक्य मी दर दसऱ्याला इतक्या जणांना ऐकवते, की आता झोपेतसुद्धा म्हणेन. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कॉलनीला मात्र त्याचं काही सोयरसुतक नाही. घट बसले की येणारेजाणारे झाडावर डोळा ठेवतात आणि खंडेनवमीला त्याचा पार खराटा करून टाकतात.

दोघे एकाच कुळातले, मान्य. दोघांचीही पानं मधोमध चिरलेली. पण आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, मऊ, लांबट आणि चीर चांगली खोलवर गेलेली. आपट्याची फुलं फिकट, बारीक, कुणाच्या लक्षातही न येणारी. आमचा कांचन दसऱ्यानंतर जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरतो. म्हणजे भरला असता, लोकांनी कळ्यांसकट फांद्या मोडल्या नसत्या तर. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. पोरांना कळतं ते त्यांच्या आईबापांना कळत नाही, याचा मला भयंकर संताप येतो.

यंदा तर मी इरेलाच पेटले होते. पाय मोडल्यापासून आई पुढच्या खोलीत खिडकीशी पडून असते. समोर हे झाड, तिनंच लावलेलं. निदान या वर्षी तिला ते फुललेलं दिसावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून जवळच्या कुंभारी गावातून खऱ्या आपट्याच्या फांद्या मागवल्या, टोपलीत घालून फाटकाशी ठेवल्या आणि वर पाटी लावली: 'खरा आपटा. इथून घ्या. झाडाला हात लावू नका.'

शेजारच्या काकूंनी टोपलीतलं पान उचलून उलटंसुलटं केलं. "लई बारकं हाय की हे, मॅडम. आन् खरबरीत. सोनं कसं मोठं पायजे." मी परत लांबी-रुंदी समजावली. त्यांनी छान मान डोलावली.

खंडेनवमीला शाळेतलं पाटीपूजन आटपून घरी आले, तर टोपली भरलेली आणि झाड ओकंबोकं! कुणाच्या दारात जाऊन आधी भांडायचं, हे ठरवत मी तशीच उंबऱ्यात उभी राहिले. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. मीच खिडकीतनं सांगितलं त्यांना, घ्या म्हणून."

मी कपाळावर हात मारला. "अगं, तुझ्यासाठीच राखत होते ना मी! फुलं नकोत का तुला?"

"फुलं आली की लोकं रस्त्यावरनंच बघून जातात," आई म्हणाली. "पानं नेली की सोनं द्यायला घरात येतात. एरवी कोण येतंय माझ्याकडं? उद्या मला लवकर आवरून बसव."