हवा बसू द्या

नगरहून सुप्याच्या कारखान्यात जाताना कॅप्टन साळव्यांच्या स्कूटरवर मागे बसणं ही माझ्यासारख्या घायकुत्या माणसाला शिक्षाच होती. पुणे रस्त्यावर उसाचा ट्रक किंवा एसटी आम्हाला ओलांडून पुढे गेली, की हा माणूस स्कूटर सरळ रस्त्याच्या खाली घ्यायचा आणि एक पाय जमिनीला टेकवून थांबायचा. मी वैतागून म्हणायचो, "अहो साहेब, गेला तो ट्रक!"

"ट्रक गेला. त्याची हवा कुठं गेली? ती मागंच हाय अजून. बसू द्या." रस्त्याकडेचं गवत हलायचं थांबलं, की मगच आमची स्वारी पुढे निघायची.

विमान चालवणारा माणूस ट्रकला घाबरतो, म्हणून कारखान्यात त्यांची भरपूर टिंगल चालायची. कँटीनमध्ये त्यांना 'थांबा कॅप्टन' असं नावच पडलं होतं. ते कानावर आलं तरी ते चिडायचे नाहीत. मूळचे नेवाशाकडचे, अंगाने किरकोळ, आवाज खर्जातला, शर्टाची इस्त्री मात्र दिवसभर मोडायची नाही. सावेडीत आमच्या शेजारीच राहायचे. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली लाकडाचं एक छोटं विमान. आमच्या कारखान्याच्या मालकांचं सहा माणसांचं, दोन पंख्यांचं विमान होतं. साळवे ते एका जुन्या धावपट्टीवरून उडवायचे आणि मालकांना मुंबईला नेऊन आणायचे. मी कारखान्यात खरेदी विभागात होतो.

एकदा चहा पिताना मी त्यांना छेडलं, की एवढी कसली हो हवेची भीती? त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही तळहात पंखांसारखे पसरले.

"मुंबईत आमच्या म्होरं जंबो उतरतं. एवढं वजन हवेवर तोलायचं म्हणजे हवेला पिळा पडणारच. दोन्ही पंखांच्या टोकांपासून दोन भोवरे सुटतात आन् मागं हळूहळू खाली उतरत राहतात. आमच्यासारखं लहान इमान त्यात घावलं तर उलथंच व्हतं. आन् जमीन इतकी जवळ, की परत सुलटं व्हायला जागा न्हाई."

"पण मग वारा असला की जास्तच त्रास होत असेल."

"उलट हाय. वारा असला की भोवरे मोडतात. सगळं गप पडलं, की मला लई भ्या वाटतं." मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं. न दिसणाऱ्या गोष्टीला माणूस किती मान देणार?

त्या हिवाळ्यात एका सकाळी माझा धाकटा भाऊ संजू आमच्याच कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करत असताना त्याच्या उजव्या हाताची चार बोटं तुटली. कारखान्याच्या डॉक्टरांनी ती स्वच्छ कापडात गुंडाळली, पिशवीत घातली आणि कँटीनच्या थर्मासमध्ये बर्फात ठेवली. बोटं जोडणारे डॉक्टर मुंबईत तयार होते, पण उशीर झाला तर काही उपयोग नव्हता. मालकांनी तडक विमान दिलं. मागे संजू आणि डॉक्टर, पुढे कॅप्टनच्या शेजारी मी, मांडीवर तो थर्मास. ज्या थर्मासमधून रोज चहा प्यायचो, त्यात आज भावाची बोटं होती.

मुंबई आली. खाली झोपड्यांचे पत्रे दिसायला लागले. आमच्या पुढे एक अवाढव्य विमान उतरत होतं. कॅप्टनच्या कानातल्या यंत्रावर काहीतरी बोलणं झालं. उतरायला परवानगी होती आणि पुढच्या विमानाच्या हवेपासून जपून राहण्याची सूचनाही होती. धावपट्टी समोर दिसत होती. बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती.

आणि कॅप्टननी विमान वर घेतलं.

"आपण एक फेरी मारून येणार," ते म्हणाले.

मागून संजू कळवळून ओरडला, "सर, उतरवा ना! माझी बोटं चाललीत, सर!"

कॅप्टननी मान वळवली नाही. "संज्या, बोटं आन् तू, दोगांनाबी संगंच न्यायचंय मला. नुसती बोटं पोचवून काय करू?"

विमान कलतं झालं तेव्हा त्यांनी मला खाली बोट दाखवलं. झोपड्यांमध्ये कुणीतरी कचरा पेटवला होता. त्याचा धूर दोरीसारखा सरळ वर चढत होता. जंबो तर केव्हाच उतरून गेलं होतं. मी बघतच होतो, तोवर तो सरळ धूर एकाएकी आडवा झाला, गोल फिरला, आणि विहिरीएवढी गुंडाळी होऊन गरगरायला लागला. वारा नसताना शेजारच्या छपरावरची ताडपत्री फाडकन उडाली. त्या गुंडाळीत आमचं विमान आणि आम्ही चौघं, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. इतके दिवस आम्ही ज्याला हसलो, ते हे होतं. मी शेजारी पाहिलं. हा लहानखुरा माणूस रोज हे न बघताच बघत होता. त्या क्षणी मला देवळात वाटावं तसं वाटलं.

फेरी पूर्ण झाली. कॅप्टननी विमान अलगद टेकवलं.

तीन बोटं जगली. करंगळी गेली. ती फार चेंगरली होती, असं डॉक्टर म्हणाले. पण साळव्यांच्या मनातून ते जाईना. काही महिन्यांनंतर त्यांनी संजूचा हात हातात घेतला, करंगळीच्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "त्या फेरीत गेली असंल का रं ही?"

"गेलीबी असंल, सर," संजू म्हणाला. "पर तिची मोकळी जागा बघायला मी हाय ना."

साळवे खिडकीकडे वळले.

पुढे मालकांनी विमान विकलं आणि कॅप्टन नेवाशाला परतले. काही वर्षांत आजारानेच गेले. अंत्ययात्रेला मी आणि संजू स्कूटरवर गेलो. परतताना स्कूटर संजू चालवत होता. वाटेत उसाने भरलेला एक ट्रक हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेला.

मी काही सांगायच्या आधीच संजूच्या तीन बोटांनी ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक हळूच दाबला, आणि स्कूटर रस्त्याखाली उतरली. त्याने एक पाय जमिनीला टेकवला. ट्रक लांब गेला. रस्त्याकडेचं गवत हलत होतं, मग कमी हललं, मग थांबलं.

"चला दादा," संजू म्हणाला. "बसली हवा."