गेथिन पाना

आमच्या खोऱ्यात आडनावं इनमिन चार-पाच, त्यामुळे नावाला शेपूट लावल्याशिवाय माणूस कोण ते कळत नाही. दूध घालणारा जोन्स तो जोन्स दूध. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचलेला इवान थडग्यात गेला तरी इवान उशीरच. मी शाळेत मुलांना जेवण वाढायचे, म्हणून नेस्टा कॅन्टीन. हे शेपूट मागून मिळत नाही. गावाला वाटलं की गाव देतं. ज्याला काहीच दिलं नाही तो मिस्टर अमुक, आणि मिस्टर म्हणजे बँकेतला साहेब, नाहीतर परका.

माझ्या शेजारचा गेथिन प्रोबर्ट हा गेथिन पाना. पुठ्ठ्याच्या कारखान्यात त्याची नोकरी, पण सगळा जीव त्या छोट्या लाल गाडीत. दिसायला बाजारहाट करायची गाडी, पण पोटात इंजिन असं की चढावर भल्याभल्यांना मागे टाकेल. जुनीपानी झाली होती, तरी तिला गॅरेजचं दार कधी दिसलं नाही. ब्रेक, क्लच, पट्टा, सगळं तो घरामागच्या बोळात स्वतः करायचा. आणि करताना शेजाऱ्यांना शिकवायचा, हे आमचं दुर्दैव.

त्या शनिवारी सकाळी मी त्याला चहा नेऊन दिला तेव्हा गाडी स्टँडवर होती आणि गेथिन खाली आडवा. इंजिन ऑइल बदलणं चाललं होतं.

"नेस्टा, वाक जरा. हा जुना फिल्टर. काढताना याची रबरी रिंग कधीकधी वर इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की एकावर एक दोन रिंगा. मग दाब आला की त्या सटकतात आणि सगळं ऑइल रस्त्यावर. म्हणून आधी वर बोट फिरवायचं."

"मला काय करायचंय? माझ्याकडे साधी सायकल नाही."

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी क्लाइव्ह हॉडरचा बंद गाड्या ओढून नेणारा ट्रक आला. क्लाइव्ह आमच्या गावचा गॅरेजवाला, पण मूळचा पुलापलीकडचा, इंग्लंडातला. इतकी वर्षं राहूनही गावाने त्याला शेपूट दिलं नव्हतं. तो मिस्टर हॉडरच.

"काय रे क्लाइव्ह!" गेथिन गाडीखालून ओरडला. "कुणाची धडधाकट गाडी बिघडवायला निघालास?"

"तुझी कधी देतोस बिघडवायला?"

"मी मेल्यावर ये!"

क्लाइव्ह हसत ट्रक घेऊन चढावर गेला. गेथिनही हसत होता, आणि हसता हसता त्याचे हात नवा फिल्टर फिरवून घट्ट करत होते. बोट फिरवायचं राहून गेलं. मी तिथेच कप घेऊन उभी होते, पण मला काय कळणार?

थोड्या वेळाने तो गाडी घेऊन चढावर गेला. नवं ऑइल घातलं की तो तिला वर खाणीपर्यंत दामटवून आणायचाच. चॅपलच्या वळणावर त्याने जोर दिला आणि तिथेच दोन्ही रिंगा सटकल्या. त्याला कळलं नाही. पुढे गाडीतला ऑइलचा लाल दिवा लागला तेव्हा त्याने खाणीच्या भिंतीशी गाडी थांबवली, खाली डोकावला, आणि काय झालं ते त्याच्या लक्षात आलं.

पावसाची भुरभुर चालू होती. चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिस ऑलवेन टकर त्यांच्या मोपेडवरून तालमीला निघाल्या होत्या. स्तोत्रसभा आठवड्यावर आलेली. वळणावर मोपेड घसरली आणि उजव्या मनगटाचा चुराडा झाला.

गेथिन पळत खाली आला तेव्हा आम्ही सगळे तिथे जमलो होतो. बाई भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ पांढरे. रस्त्यावर काळा तवंग.

"मघाशी त्या हॉडरचा ट्रक गेला ना इथून?" कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी गेथिनकडे पाहिलं. गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

"असेल," तो म्हणाला. "त्या ट्रकचा काय भरवसा?"

बस्स, एवढंच. एवढ्यावर क्लाइव्हचा निकाल लागला.

क्लाइव्हला बोलावणं गेलं तर तो बिचारा भुशाची पोती घेऊन आला, तेल शोषायला सगळ्या वळणावर भुसा पसरला, बाईंना इस्पितळात नेलं आणि त्यांची माफी मागितली. मग रविवारभर ट्रकखाली पडून गळती शोधत राहिला. सापडेना. असेल तर सापडेल ना! गेथिनने मात्र दुसऱ्या बाजूच्या उतारावरून इंजिन बंद ठेवून गाडी गुपचूप घरी आणली होती आणि वर ताडपत्री टाकली होती. रविवारी गाडी पुसली नाही असं कधी झालं नव्हतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सोमवारपर्यंत गावाने क्लाइव्हला नाव दिलं. क्लाइव्ह ठिबक. दुकानात, दारूच्या गुत्त्यात, सगळीकडे ठिबक. लोक गाड्या खालच्या गावी न्यायला लागले.

"चला, शेवटी नाव तरी मिळालं," क्लाइव्ह माझ्यासमोर म्हणाला. हसला, पण डोळे भरले होते. गेथिन आमच्या मागेच पावाच्या रांगेत होता. पाव न घेताच निघून गेला. नंतर त्याने मला सांगितलं, त्या आठवड्यात आरशात बघायची लाज वाटायची म्हणून दाढी करत नव्हता.

स्तोत्रसभेला ऑर्गन बंद. मिस ऑलवेन पहिल्या बाकावर, हात प्लास्टरमध्ये. त्यांना गाडीतून घेऊन आला होता क्लाइव्ह, आणि तो दाराशी उभा होता, कारण कुणी सरकून जागा दिली नव्हती. मागून कुणीतरी "टप टप" असा आवाज काढला. दोन-चार जण खुसखुसले.

गेथिन उठला. आधी आम्हाला वाटलं, सूर धरायला उठला. त्याने खिशातून त्या दोन रबरी रिंगा काढल्या आणि हातावर धरल्या. 

"ट्रक गळत नव्हता," तो म्हणाला. "माझी गाडी गळली. मी बोट फिरवलं नाही. आणि हे मला त्याच दिवशी, तुमच्यासमोर उभा होतो तेव्हाच माहीत होतं."

 मिस ऑलवेन मागे वळल्या, त्याला आपादमस्तक पाहिलं.

"आभारी आहे, मिस्टर प्रोबर्ट," त्या म्हणाल्या.

मी जागच्या जागी गार पडले. गेथिन ज्या घरात जन्मला तिथेच राहतो, बाईंनी त्याला लहानपणी स्तोत्रं शिकवली होती. तो खाली बसला आणि सगळा वेळ मान वर केली नाही.

त्यानंतर पाना हे नाव गावातून पुसलंच गेलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी टोमणा मारला नाही. दुकानात "काय देऊ, मिस्टर प्रोबर्ट?" कारखान्यात "नमस्कार, मिस्टर प्रोबर्ट." क्लाइव्हला मात्र सगळे क्लाइव्ह भुसा म्हणायला लागले आणि तो ते ऐकून लहान पोरासारखा लाजायचा. लाल गाडी ताडपत्रीखालीच राहिली. मला गेथिनचा राग होता, अजूनही आहे. पण मीसुद्धा त्याला मिस्टर म्हणायचे आणि घरी येऊन मला वाईट वाटायचं.

शरद ऋतूत एका सकाळी बोळात मोपेड फटफटली. मिस ऑलवेन. प्लास्टर निघालं होतं, पण दोन बोटं नीट वळत नव्हती. गेथिन कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होता. त्यांना पाहताच तो आत जायला वळला.

"ए ठिबक!" बाई ओरडल्या.

तो थांबला. स्तोत्रसभेनंतर पहिल्यांदाच कुणी त्याला मिस्टर म्हटलं नव्हतं.

"बहिरा झालास की काय? हिचा ब्रेक लागत नाहीये. आत्ता बघून दे. आणि गप्पा मारत काम करू नकोस, मी इथे उभी राहून बघणार आहे."

गेथिनने डबा खाली ठेवला. "हो मिस," एवढंच म्हणाला आणि पाने आणायला घरात गेला. बराच वेळ आला नाही. बाहेर आला तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि डोळे लाल. मी चहा टाकायला आत गेले.