सुताराच्या घरची रिकामी वाटी

मिरजगावात मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत एक अलिखित कायदा होता. शेजारणीकडून भरून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. आक्काबाईच्या घरून ताक आलं, तर त्या भांड्यातून मालनबाई मळ्यातली चार वांगी पाठवणार. मालनबाईची वांगी ज्या ताटलीतून आली, त्या ताटलीत दुसऱ्या दिवशी कुणी मूठभर शेंगा घालणार. देणंघेणं असं गोल फिरत राही आणि गहिनीनाथ सुताराच्या दारात येऊन थांबे.

गहिनीनाथाला ना शेत, ना म्हैस. वर्षभर लोकांचे नांगर, पाभरी, गाडीची चाकं नीट करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं. त्याची बायको लंकाबाई वाटी राखेनं घासून, पुसून आरशासारखी चकचकीत करी. पण ती रिकामीच. ती परत द्यायला जाताना पदर हनुवटीपर्यंत ओढलेला असे. आक्काबाई ओट्यावरूनच म्हणे, "ऱ्हाऊ दे गं, रिकामी दिली तरी चालती. तुज्याकडनं काय घ्यायचंय?"

आक्काबाईच्या मनात काही वाईट नसे. वाईट असतं तर लंकाबाईला उलटून बोलता तरी आलं असतं.

म्हणून एकदा माहेरहून येताना तिनं कढीलिंबाचं रोप आणलं. टोपलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून, वाटेत एस्टीच्या धक्क्यांना जपत. परसात न्हाणीच्या मागं लावलं. झाड डोक्याच्या वर गेलं, आणि गल्लीत पहिल्यांदाच कुणीतरी सुताराच्या दारात काही मागायला आलं.

"लंके, दोन डहाळ्या दे गं. कढी करायचीय."

त्या दिवसापासून लंकाबाईचं राज्य सुरू झालं. झाडाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मागणारीनं दारात उभं राहायचं. लंकाबाई हातातलं काम टाकून येणार, हात पुसणार, झाडाभोवती एक चक्कर मारणार आणि सोनं मोजून द्यावं तशा दोन डहाळ्या देणार. वर म्हणणार, "आनखी लागला तर या हां. लाजू नका."

घराच्या पुढच्या अंगाला, छपराखाली, गहिनीनाथाचा रंधा चाले. त्यातून लाकडाचा कीस निघे, गोल गोल वळलेला, खमंग वासाचा. सकाळी चूल पेटवायला गल्लीतल्या सगळ्या बायका तो पाटी भरभरून नेत. विचारायचं कुणाच्या स्वप्नातही नसे. कचऱ्याला कुणी विचारतं का? लंकाबाईलाही ते देणं वाटत नव्हतं. आपल्या हातानं जातं ते देणं, लोक आपण होऊन उचलतात ती झाडलोट, असा तिचा हिशोब.

मग बहात्तर साल आलं आणि पाऊस आला नाही.

सुताराचं पोट पावसावर, असं आजवर सगळे म्हणत. नांगर तर आढ्याला टांगले गेले. पण सारा गाव सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला आणि शेतांना ताली घालायला जाऊ लागला, आणि गहिनीनाथाच्या दारात कुदळी, टिकाव, हातोडे यांची रांग लागली. प्रत्येकाला दांडा हवा. शेतं ओस पडली आणि सुताराच्या छपरात कीस गुडघाभर साठला. दुष्काळानं ज्यांची भरभराट केली, अशा मोजक्या गोष्टींत हा कीस होता.

कढीलिंब मात्र सुकायला लागला. लंकाबाई भांड्यांचं पाणी, तोंड धुतलेलं पाणी, तांब्याच्या तळाचा घोटसुद्धा त्याला घाली. संध्याकाळी घातलेलं पाणी दुसऱ्या दुपारी नाहीसं होऊन जमिनीला भेगा दिसत. एका सकाळी छपराखाली झाडताना तिनं किसाचा ढीग बाजूला ओढला. खालची माती काळी, गार आणि ओली होती. परवा तिथं पाणी सांडलं होतं, तेच. ती झाडणी तशीच टाकून पाटी आणायला गेली.

झाडाच्या बुंध्याला चिकटून तिनं किसाचा ढीगच रचला. मालनबाईनं कुंपणावरून पाहिलं.

"अगं, झाडाला सरान रचतीस का काय? काडी लावायला कोन येनार हाय?"

"तूच ये. तुजी जीब बास हाय पेटवायला."

बोलली खरी, पण आठवड्यात त्या किसातून उधई निघाली आणि खोडावर मातीची रेघ चढू लागली. तिनं ती रेघ बोटांनी खरवडून काढली, सगळा ढीग उपसला, खोडापासून वीतभर लांब सारला आणि चुलीची राख फेकली. तोवर बाभळीचं लाकूड मिळेनासं झालं होतं. लोक गोठ्याचे कडुनिंबाचे वासे दांड्यांसाठी आणत होते. त्या कडू किसाला उधईनं तोंड लावलं नाही. लंकाबाईनं तोच जाड पसरला. पंधरवड्यानं झाडाच्या टोकाला तांबूस पालवी दिसली.

आता तिला रोजचा सगळा कीस हवा होता. तिनं गल्लीत सांगून टाकलं, "कीस न्यायचा न्हाई. झाडाला लागतो."

हे ऐकून गल्लीत जे झालं, ते पाऊस न आल्यावरही झालं नव्हतं. जनावरं चारा छावणीत गेलेली, म्हणजे गोवऱ्या नाहीत. पेटवणाला उरला होता तो सुताराचा कीस, आणि सुतारीण तो मातीत घालते!

"मान्सांची चूल बंद आन् झाडाला गादी," मालनबाई म्हणाली.

"पिढ्यान्पिढ्या नेतोय आमी," आक्काबाई म्हणाली. "आजच हिला मालकी सुचली."

गहिनीनाथ रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "झाड जगंल. गल्लीचं बघ."

गल्लीनं लंकाबाईकडे यायचं सोडलं. उन्हाळ्यात साऱ्या मिरजगावात हिरवं असं काही उरलं नव्हतं, आणि लंकाबाईच्या परसात कढीलिंब नव्या नवरीसारखा उभा. ती हात पुसून तयार असे. मागायला कुणी येत नसे. रागावलेल्या बायकांचं एक वेळ सोडा. फोडणीला तेल कुणाकडे होतं? रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबरोबर खायला मिरची मिळाली तरी पुष्कळ. जिवाचा आटापिटा करून तिनं झाड वाचवलं होतं, आणि त्याचं पान घ्यायला वाटी घेऊन येणारं कुणी शिल्लक नव्हतं.

अशात एका सकाळी आक्काबाई आली. तिच्या धाकटीला बघायला पाहुणे येणार होते. आक्काबाईच्या मुलानं छावणीतून कसंबसं दही पैदा केलं होतं आणि आता कढी व्हायची होती.

"लंके, चार पानं दे बाई. पाव्हन्यांपुढं बिनवासाची कढी कशी वाढू?"

लंकाबाईनं हात पुसले, झाडाला चक्कर मारली आणि दोन नाही, पाच डहाळ्या तोडल्या. आक्काबाईनं त्या ओच्यात घेतल्या, चांगलं दोनदा "देव तुजं भलं करो" म्हटलं, आणि जाता जाता ती वाकून झाडाखालचा कीस ओंजळीनं उचलून पानांवर टाकायला लागली. सवयीनं, एक अक्षर न बोलता.

लंकाबाई पाहत राहिली. पानांसाठी एवढे आशीर्वाद, आणि ज्याच्यासाठी सगळी गल्ली तिच्याशी बोलेनाशी झाली होती, तो कीस असा, मुकाट! इतकी वर्षं गल्लीतली प्रत्येक चूल आपल्या दारच्या किसावर पेटली आणि आपण रिकाम्या वाटीपायी मान खाली घालून चाललो.

"आक्का, कीसबी मागून न्यायचा."

आक्काबाई वाकलेलीच थांबली. "किसाचं काय मागायचं? कचरा तर हाय."

"कचरा हाय, तर ठिवा खाली."

आक्काबाईनं ठेवला. कंबर सरळ केली. दिवस वर चढत होता, पाहुणे मिरजगावच्या फाट्यावर कधीही उतरले असते आणि घरी चूल थंड होती. तिनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग कढीलिंबाकडे, मग कुंपणापलीकडे मालनबाई आहे का तिकडे.

"दे गं बाई," ती हळू म्हणाली, "पाटीभर कीस."

"त्यात लाजायचं काय?" लंकाबाई म्हणाली. छपराखालच्या ताज्या किसाची तिनं आपल्याच पाटीत रास केली, वरून दाबली, आणखी घातला आणि स्वतःच्या हातानं आक्काबाईच्या डोक्यावर दिली.

"पाटी सांजच्याला पाठवते," आक्काबाई दारातून म्हणाली.

"पाठवा सावकाश. रिकामी पाठवली तरी चालंल, आक्का. तुमच्याकडनं काय घ्यायचंय?"

आक्काबाईनं एका हातानं पाटी धरली आणि दुसऱ्या हातानं पदर पुढं ओढला. हनुवटीपर्यंत. लंकाबाईनं तो बरोबर ओळखला. मग ती परसात गेली आणि झाडाखाली उघडी पडलेली ओंजळभर जागा तिनं पुन्हा झाकून टाकली.