एक टाका तरी

किडनीवरच्या गाठीचं पाणी नुसत्या सुईनं काढतात, पोट फाडत नाहीत, हे मी नीट ऐकलंच नव्हतं. सोनोग्राफीत बघून सुई घालायची ही तऱ्हा तेव्हा बेळगावात नवी होती. ‘ऑपरेशन’ एवढाच शब्द धरून मी निपाणीला तार ठोकली आणि माझ्या एका सुईसाठी जीपभर नातेवाईक डोळे पुसत दाखल झाले.

शेजारच्या खाटेवर उचगावचे एक म्हातारे होते. त्यांचीही तीच गाठ, तीच सुई. सोबत कुणी नव्हतं. दारात पावलं वाजली की ते टोपी घालून नीट बसत. पावलं माझ्याकडं वळली की टोपी परत उशाशी ठेवत.

डॉक्टरांनी त्यांचं पाणी काढून कमरेला पट्टी चिकटवली. “दुखतंय का, आजोबा?”

“न्हाय. पर एक टाका तरी घाला की.”

“टाका कशाला?”

“पोरगा पुण्याला असतोय. टाका पडलाय म्हटलं तर यील. नुसत्या सुईला कोण येतंय?”

डॉक्टर हसले. मीही हसलो, एवढ्या गोतावळ्यात बसून हसायला माझं काय जात होतं!

संध्याकाळी माझी आक्का भाकरी घेऊन त्यांच्या खाटेशी बसली. “आप्पा, लई दुखतंय व्हय?”

त्यांनी टोपी घातली, कमरेवर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, “व्हय गं बाई. लई.”